नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या 'फुकट' सॉफ्टवेअरचं करायचं काय?

काजवा_पुणे

नमस्कार मंडळी. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्यामुळे घरात नवा लॅपटॉप आलाय. दुकानाच्या जाहिरातीत 'हजारोंचं सॉफ्टवेअर मोफत' असं ठळक अक्षरात होतं. उघडून पाहिलं तर पुढचा संसार निघाला: ३० दिवसांचा अँटीव्हायरस, मायक्रोसॉफ्ट ३६५ ची महिन्याभराची ट्रायल, बिलावर लिहिलेलं 'ऑफिस होम २०२४ लाइफटाइम' (हे आणि वरचं एकच का वेगळं?), वनड्राइव्ह (फायली इंटरनेटवर ठेवायची सोय), तीन महिने गेम पास (खेळांचं सबस्क्रिप्शन), व्हिडिओ कापायचं एक, पासवर्ड सांभाळणारं एक, पत्त्यांचे दोन खेळ आणि लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं एक, जे उठसूट वॉरंटी वाढवून घ्या म्हणतं.

यातलं खरोखर फुकट काय? काय काढलं तर काही बिघडेल? आणि गेम पासला कार्डाचा नंबर मागतोय, तो द्यावा का? मुलीचं म्हणणं, "बाबा, राहू द्या ना, कुठे पैसे पडतायत." जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चकटफू

आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा. वाचनखूण साठवली, आमच्याकडे पण पुढच्या महिन्यात खरेदी आहे.

स्क्रूड्रायव्हर

काजवा, मी नाशिकला एका कारखान्याच्या आयटी विभागात आहे, नवी मशीनं लावून देणं हे रोजचं काम. तुमच्या यादीत खरोखर किमतीची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ऑफिस होम २०२४. त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेलीच असते, म्हणजे तुम्ही ती मोजलीय. आधी ते पदरात पाडून घ्या, बाकीचं नंतर.

यातली मेख अशी की ते आपोआप तुमचं होत नाही. विंडोज पहिल्यांदा सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन-इन करून त्यावर हक्क सांगावा लागतो. बरेच लोक वर्ड उघडतात, समोर ३६५ च्या (म्हणजे ठरावीक काळाने पैसे भरत राहायच्या ऑफिसच्या) ट्रायलची मोठी पाटी येते, ते तीच घेतात. महिनाभर सगळं झकास चालतं, मग 'नूतनीकरण करा' सुरू होतं, आणि लोक पैसे भरतात. विकत घेतलेलं ऑफिस तसंच पडून. तेव्हा वर्ड उघडा, फाइल मेनूत खाली अकाउंट आहे तिथे जा. तिथे 'ऑफिस होम २०२४' आणि तुमचा ईमेल दिसला तर काम फत्ते. 'मायक्रोसॉफ्ट ३६५' दिसलं तर तुम्ही ट्रायलवर आहात.

अकाउंट मुलीच्या नावाने उघडा. कॉलेजने दिलेला ईमेल वापरू नका, चार वर्षांनी तो बंद झाला की पंचाईत. आणि लाइफटाइम म्हणजे त्या लॅपटॉपचा लाइफटाइम. मशीन भंगारात गेलं की ऑफिसही गेलं, दुसऱ्यावर नेता येत नाही. २०२४ ला सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहेत. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट एवढं त्यात येतं.

अँटीव्हायरस सरळ काढा. तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला बसलेला असतो. काढून रीस्टार्ट केलं की डिफेंडर आपोआप ताबा घेतो, काही चालू करावं लागत नाही. घरच्या वापराला तो पुरतो.

काय काढू नये: रियलटेक, डॉल्बी, इंटेल, एनव्हिडिया अशी नावं दिसली तर हात लावू नका, आवाज किंवा डिस्प्लेचं काहीतरी बिघडायचं. कंपनीचं सॉफ्टवेअरही ठेवा, फक्त त्याच्या सूचना बंद करा. बायोसचे (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट त्यातून येतात, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेकांत असते. होस्टेलवर लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच लावलेला असतो, तेव्हा ते चालू करून द्या.

मोगरा_ठाणे

स्क्रूड्रायव्हर यांनी अकाउंटचं लिहिलं म्हणून आमची कथा सांगते. दुकानातल्या मुलाने "ताई, सेटअप करून देतो, फुकट आहे" म्हणत काउंटरवरच सगळं लावून दिलं. आम्ही खुशीत घरी आलो. सहा-सात महिन्यांनी एका अपडेटनंतर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला. माझ्या अकाउंटवर शोधली, नाही. मिस्टरांच्या, नाही. शेवटी लक्षात आलं की दुकानातल्या मुलाने त्याच्याच कुठल्यातरी ईमेलने साइन-इन केलं होतं, आणि डिस्क लॉक होऊन तिची किल्ली त्याच्या अकाउंटवर गेलेली. ऑफिसही त्याच्याच नावावर! मुलगा नोकरी सोडून गेलेला. दुकानवाला म्हणे, "मॅडम, फ्री सर्व्हिस होती, त्याची गॅरंटी कशी देणार?"

डेटा गेला. लेकीच्या दहावीच्या निरोप समारंभाचे फोटो गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

सांगलीकर_शटर

मी दुकानदार आहे, त्यामुळे आता सगळे माझ्यावर तुटून पडणार, चालेल. मोगराताई, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. पण काउंटरच्या या बाजूने पण एकदा बघा.

जून-जुलैत ॲडमिशनचा हंगाम. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न, "सोबत काय काय मिळणार?" प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे नंतर. बॅग, माउस, कीबोर्डचं कव्हर, स्क्रीन पुसायचा स्प्रे, अँटीव्हायरसचं खोकं, एवढं टेबलावर मांडून दाखवल्याशिवाय समाधान होत नाही. ऑनलाइनच्या भावाशी टक्कर देताना लॅपटॉपवर आमच्या हातात फार थोडं उरतं. जे काय सुटतं ते ॲक्सेसरीत आणि अँटीव्हायरसच्या खोक्यात. मग ते खोकं 'फ्री' म्हणून द्यायचं तर त्याचे पैसे कुठेतरी निघाले पाहिजेत ना? कोण घरचं घालणार आहे?

दुसरं, सेटअप. विंडोज ११ पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट आणि अकाउंट मागतं. गिऱ्हाइकाला स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो. मागे चार जण उभे असतात. मग पोरं आपला ईमेल टाकून मोकळी होतात. मी आमच्याकडे ते बंद केलंय: पासवर्ड आणा, नाहीतर खोकं तसंच सीलबंद घरी न्या. दोन गिऱ्हाइकं रागावून गेली पण.

तर्कट

@सांगलीकर_शटर, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. पण 'फ्री' म्हणून दिलेलं अँटीव्हायरस बिलात वेगळी ओळ म्हणून का दिसतं? माझ्या बिलात लॅपटॉपची किंमत बोललो त्यापेक्षा कमी आणि खाली अँटीव्हायरस व 'इन्स्टॉलेशन चार्जेस' मिळून बेरीज जुळवलेली. विचारलं तर "साहेब, टोटल तेवढीच आहे ना?"

सांगलीकर_शटर

असं करणारे आहेत, नाही म्हणत नाही. त्याचा तोटा असा की पुढे लॅपटॉप परत द्यायची किंवा विम्याची वेळ आली की बिलावरची लॅपटॉपची किंमत कमी धरली जाते. बिल करतानाच अडून बसा. दुकानदाराला गिऱ्हाईक घालवायचं नसतं, देतो बदलून.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. हा खेळ जुना आहे, थोडा इतिहास सांगतो, लांबला तर क्षमस्व.

नव्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवरची जागा ही पहिल्यापासून विकायची वस्तू आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट जोडणी विकणाऱ्या एओएल कंपनीला विंडोजच्या डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये जागा दिली, आणि बदल्यात एओएलने आपल्या ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर, घेतला. पैशापेक्षा ती जागा मोलाची होती. पुढे अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात या सौद्याचा चांगलाच कीस पडला.

२००८ मध्ये सोनीने कमाल केली. व्हायो लॅपटॉपच्या काही मॉडेलांवर 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय दिला: ट्रायलची सगळी गर्दी काढून स्वच्छ मशीन हवं असेल तर ४९.९९ डॉलर जादा भरा! म्हणजे न मागता दिलेलं परत घ्यायचे पैसे. लोकांनी इतकी ओरड केली की लगेच ते शुल्क मागे घ्यावं लागलं.

पण खरी हद्द झाली ती लेनोवो आणि सुपरफिशच्या प्रकरणात. २०१४ च्या शेवटी शेवटी विकलेल्या लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश कंपनीचं 'व्हिज्युअल डिस्कव्हरी' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. तुम्ही एखादी वस्तू बघताय, तर तशाच दिसणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती ते पानात घुसवायचं. आता बँकेचं किंवा खरेदीचं पान कुलूपबंद असतं, त्यात घुसायचं कसं? म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (वेबसाइट खरी असल्याची ग्वाही देणारं मूळ प्रमाणपत्र) बसवलं आणि ब्राउझर व वेबसाइट यांच्यामध्ये ठाण मांडलं. ब्राउझरला वाटायचं आपण बँकेशी बोलतोय, प्रत्यक्षात तो सुपरफिशशी बोलायचा.

त्याहून भयंकर म्हणजे त्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली, म्हणजे अशा ग्वाहीवर शिक्का मारायचा गुप्त कोड, सगळ्या लॅपटॉपांत एकच होती, आणि तिचा पासवर्ड काय, तर ज्या कंपनीचं तंत्र वापरलं तिचं नाव: 'कोमोडिया'. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने तो काही तासांत शोधून जाहीर केला. म्हणजे कॉफी शॉपच्या वायफायवर बसलेला कुणीही अशा लॅपटॉपला खोटं बँकेचं पान खरं म्हणून खपवू शकत होता. वर प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचंच. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ते काढा म्हणून सूचना काढावी लागली. २०१७ मध्ये लेनोवोची फेडरल ट्रेड कमिशन (तिथली ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) आणि ३२ राज्यांशी तडजोड झाली, राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले.

सुपरफिश उघडं पडलं त्याच वर्षी, म्हणजे नोव्हेंबर २०१५ मध्ये, डेलच्या लॅपटॉपांत 'ई-डेल-रूट' सापडलं. मदत केंद्राच्या सोयीसाठी टाकलेलं सर्टिफिकेट, पण किल्ली पुन्हा मशीनमध्येच. नुसतं सर्टिफिकेट पुसलं तर परत येऊन बसायचं.

तेव्हा "राहू द्या ना" म्हणणाऱ्या लेकीला हे वाचायला द्या.

तर्कट

माहितीपूर्ण. तरी थोडी विरुद्ध बाजू मांडतो. ट्रायलवाले लॅपटॉप कंपनीला पैसे देतात, त्यामुळे लॅपटॉप स्वस्त पडतो. दहा मिनिटं खर्चून काढून टाका आणि सवलत खिशात घाला. इतकं रडायचं काय त्यात?

अटलांटिकपार

सवलत तुमच्यापर्यंत पोचते याचा पुरावा काय? सोनीची ती व्हायो स्वस्तातली नव्हती हो, चांगली महागडी मशीनं होती. आणि दहा मिनिटं तुम्हाला लागतात. माझ्या सासूबाईंना काय काढायचं हेच कळत नाही, आणि असा माणूसच तर गिऱ्हाईक म्हणून हवा असतो.

मोगरा_ठाणे

शेवटच्या वाक्याला +१००.

वकिली_बाणा

काजवा यांच्या कार्डाच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला चकवून नको ते घ्यायला लावणाऱ्या क्लृप्त्या) रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार दिलेत. त्यातला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' इथे लागू होतो, आणि त्याच्या व्याख्येत फुकट सबस्क्रिप्शनसाठी कार्डाचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हे स्पष्ट लिहिलंय. तर्कट यांनी सांगितलेल्या बिलाच्या ओळीसाठी 'बास्केट स्नीकिंग' बघा: संमतीशिवाय टोपलीत वस्तू टाकणं. मात्र ही तत्त्वं मुख्यतः ऑनलाइन व्यवहार डोळ्यापुढे ठेवून केलेली आहेत, कोपऱ्यावरच्या दुकानाला लावताना वाद होईल. तिथे ग्राहक संरक्षण कायद्यातली 'अनुचित व्यापारी प्रथा' जास्त उपयोगी. तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५.

दुसरी ढाल रिझर्व्ह बँकेची. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर दरमहा पैसे कापायचे तर सुरुवातीला तुमची ओटीपीने परवानगी लागते, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. त्या संदेशातूनच नकार देता येतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, इथेच लोक गाफील राहतात. तो संदेश जाहिरात समजून पुसला जातो.

गेम पास हवाच असेल तर कार्ड देऊन सुरू करा आणि त्याच बैठकीत पुढचं बिलिंग बंद करा. तीन महिने तरीही मिळतात. नको असेल तर कार्ड काढूच नका.

टक्स_मामा

इतका सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा डॉसवाला (विंडोज नसलेला) लॅपटॉप घ्या, विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाका, ऑफिसऐवजी फुकटचं लिबरऑफिस वापरा. ना ट्रायल, ना अकाउंट, ना १८० दिवस.

चकटफू

आलात? धाग्यावर अजून मामा कसे नाहीत म्हणून काळजीत होतो :)

सांगलीकर_शटर

मामा, डॉसवाले नेणाऱ्यांतले बरेचसे दुसऱ्या दिवशी येतात आणि हळूच विचारतात, "विंडोज टाकून द्याल का, तसलं?" ते 'तसलं' विंडोज म्हणजे फुकटातलं सगळ्यात महागडं. व्हायरससकट मिळतं.

टक्स_मामा

तो लिनक्सचा दोष कसा? लिबरऑफिसचं मात्र मनावर घ्या. ऑफिसची मुदत चुकली असेल तर त्यासाठी पैसे भरण्याआधी ते टाकून बघा. त्याचे मेनू मराठीतही करता येतात, हे किती जणांना माहीत आहे?

स्क्रूड्रायव्हर

लिबरऑफिसला माझा पाठिंबा. पण लिनक्सवर जीएसटीची डिजिटल सही आणि टॅली चालवून दाखवा, मग बोलू. तो वाद वेगळ्या धाग्यावर.

बाळू_बर्लिनकर

अवांतर: इकडे युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून विंडोजमधून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एज ब्राउझरसुद्धा काढता येतो. तेच विंडोज, तीच कंपनी. कायदा असला की बटण सापडतं.

अप्पा_निवृत्त

मी ७१ वर्षांचा आहे, चूकभूल द्यावी. मुलाने दिवाळीत लॅपटॉप दिला. त्यात मी सोसायटीचे हिशेब आणि नातवंडांचे फोटो ठेवतो. गेले काही दिवस 'स्टोरेज भरले, जागा विकत घ्या' असा संदेश येतो. पण लॅपटॉप तर ५१२ जीबीचा आहे म्हणे. इतक्यात भरला कसा? भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली आहे.

स्क्रूड्रायव्हर

अप्पा, तुमचा लॅपटॉप रिकामाच आहे, काळजी करू नका. भरलंय ते वनड्राइव्ह. ते फुकट मिळतं फक्त ५ जीबी. सेटअपच्या वेळी 'फायलींचा बॅकअप घेऊ का' असं विचारणारा पडदा येतो, त्यावर 'पुढे' दाबलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर उचलून वनड्राइव्हमध्ये नेले जातात. नातवंडांचे फोटो पडले की ५ जीबी संपायला किती वेळ लागतो? मग 'जागा विकत घ्या'. माझ्या मते अख्ख्या बाडबिस्तऱ्यात हे सगळ्यात लबाड आहे, कारण अँटीव्हायरसची मुदत संपली तर निदान तुमच्या फायली जागेवर असतात.

आता सावकाश करा, घाई नको.

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ ढगाचं चित्र आहे. त्यावर क्लिक, मग दातेरी चाक, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिथे तिन्ही फोल्डरांसमोरचं बटण बंद करा. फायली कुठे ठेवायच्या असं विचारलं तर फक्त या कॉम्प्युटरवर, असा पर्याय निवडा. न विचारता बंद झालं तर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसेल, घाबरू नका. काही गेलेलं नसतं. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात वनड्राइव्ह, त्यात सगळं आहे. तिथून कॉपी करून साध्या डेस्कटॉप व डॉक्युमेंट्समध्ये आणा. काही फायलींवर ढगाची खूण असेल तर त्या फक्त इंटरनेटवर आहेत, त्या उघडून आधी उतरवून घ्या.

हे होईपर्यंत वनड्राइव्हच्या वेबसाइटवरून काहीही पुसू नका. जागा करायला म्हणून तिथून पुसलं की लॅपटॉपवरूनही जातं. इथे अनेकांचे फोटो गेलेत.

आणि सोसायटीचे हिशेब एका पेनड्राइव्हवर पण ठेवा.

अप्पा_निवृत्त

धन्यवाद. प्रिंट काढून घेतो. मुलगा रविवारी येईल तेव्हा त्याच्यासमोर करतो.

काजवा_पुणे

सर्वांचे आभार. ऑफिस मुलीच्या अकाउंटवर आलं, फाइलमधल्या अकाउंटवर नाव दिसतंय. अँटीव्हायरस काढताना "तुम्ही असुरक्षित राहणार आहात, नक्की?" असं पुन्हा पुन्हा विचारलं, वर महिनाभर आणखी देऊ का म्हणून गळ घातली. गेम पासवरून घरात तह झाला: पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत नाही.

आता एक शंका. पुढेमागे विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर हे सगळं परत येईल का?

स्क्रूड्रायव्हर

'रीसेट' केलंत तर कंपनीचं सामान परत येऊ शकतं. स्वच्छ हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा आणि तिथून टाका. विंडोजची की मदरबोर्डमध्येच असते, विचारत नाही. ऑफिस आता अकाउंटवर आहे, पुन्हा उतरवता येईल. मात्र त्याआधी वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर सेटअपच्या मध्येच इंटरनेट नाही म्हणून अडकाल.

आणि ती ४८ आकडी रिकव्हरी की आजच बघून ठेवा, मोगराताईंसारखं व्हायला नको. मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर 'डिव्हायसेस' मध्ये सापडेल. कागदावर लिहून घरच्या कपाटात. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

मोगरा_ठाणे

कपाटात आणि फोनमध्ये, दोन्हीकडे.

चकटफू

नव्या कीबोर्डावर मराठी कसं आणायचं तेही सांगा की, आमच्याकडे अजून कुठलंसं डाउनलोड केलेलं टायपिंग सॉफ्टवेअर आहे, ते पण आता 'प्रीमियम घ्या' म्हणतंय.

टक्स_मामा

काढून टाका ते. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड अंगचाच आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे मराठी जोडा, कीबोर्डांच्या यादीत फोनेटिक निवडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. 'namaskar' टाइप केलं की 'नमस्कार' येतं.

चकटफू

चालतंय! मामा, तुम्ही आणि विंडोजचं कौतुक? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.